बिलगांवची वीज

परभणीहून जिंतूर गांठून तेथून उत्तरेस वळलें म्हणजे थोड्याच वेळांत येलदरीचें धरण लागतें. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पूर्णा येथें अडविली आहे. १९६८ सालीं हें काम पुरें झालें आणि धरणाच्या पायथ्याशीं साडेबावीस मेगावॉट शक्तीचें वीजघर उभें राहिलें. निजामी अंमल संपून तेव्हां अवघीं वीस वर्षें लोटलीं होतीं. कंदिलाची कांच पुसण्यांत ज्याची तिन्हीसांज जाई, त्या मुलखास ह्या वीजघराचें अप्रूप वाटावें हें स्वाभाविकच होतें. आजही येलदरीचा विस्तीर्ण जलाशय पाहून प्रेक्षकाच्या मुखांतून धन्योद्गार निघतात. परंतु धरण पाहावयास गेलेला मनुष्य पाण्याकडे पाहतो. पाण्याखालीं काय आहे हें तो सहसा विचारीत नाहीं. ही नदी कोणाची, तिच्या कांठीं कोण राहत होतें, त्यांस कोणीं पुसलें होतें काय, आणि जी वीज निघाली तींतील किती त्यांच्या घरीं पोंचली, हे प्रश्न दिव्याच्या उजेडांत दिसत नाहींत. दिव्याखालीं अंधार ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाहीं.

ह्या जुन्या प्रश्नांस आज नवें महत्त्व आलें आहे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून जगानें गेल्या दोनशें वर्षांत जी अफाट शक्ति मिळविली, तिच्या धुरानें पृथ्वीचें हवामानच बिघडत चाललें आहे. परभणीच्या शेजारीं परळी वैजनाथ येथें मोठें औष्णिक वीजकेंद्र आहे. १९१२ चा नव्हे, तर २०१२ चा पावसाळा मराठवाड्यास दगा देऊन गेला, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत हें केंद्र बंद ठेवावें लागलें. कोळसा होता, यंत्रें होतीं, माणसें होतीं. वाफ करावयास पाणी मात्र नव्हतें. एका दुष्काळावरून हवामान पालटल्याचा सिद्धांत काढणें शास्त्रास धरून होणार नाहीं हें खरें. तथापि जो कोळसा जाळल्यानें पृथ्वी तापते, तोच जाळण्यासही पाणी लागतें, आणि पृथ्वी तापली म्हणजे तेंच पाणी बेभरंवशाचें होतें, हें चक्र परळीनें आम्हां मराठवाडेकरांच्या डोळ्यांपुढें उभें केलें, एवढें निश्चित.

म्हणूनच सूर्य, वारा व वाहतें पाणी ह्यांपासून मिळणाऱ्या अक्षय ऊर्जेचा पुरस्कार सर्वत्र चालला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ह्या पुरस्काराबरोबर दुसरा एक शब्द ऐकूं येऊं लागला आहे. तो म्हणजे हवामान-न्याय. ज्यांनीं कोळसा सर्वांत कमी जाळला त्यांनाच तापलेल्या पृथ्वीचे चटके प्रथम बसतात, हा त्याचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ त्याहून अवघड आहे. कोळशावरचा उपाय म्हणून जी नवी शक्ति आणावयाची, तिचाही भार पुन्हां त्यांच्याच डोक्यावर देऊं नये, असें तो सांगतो. हा दुसरा अर्थ पुस्तकांत वाचून चटकन पटत नाहीं. तो पटावा अशी एक हकीकत महाराष्ट्राच्याच एका कोपऱ्यांत घडली आहे. ती येथें सांगावयाची आहे.

तत्पूर्वीं एका जुन्या प्रसंगाचें स्मरण करणें अवश्य आहे. पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्यांत टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां तेथील मावळ्यांनीं १९२१ च्या एप्रिल महिन्यांत सत्याग्रह आरंभिला. ह्याच लढ्यानें पांडुरंग महादेव बापट ह्यांस सेनापति हें नांव दिलें. मुळशीच्या पाण्यावर निघणारी वीज मुंबईच्या गिरण्यांस हवी होती, आणि त्या विजेपायीं मावळांतील भातखाचरें बुडावयाची होतीं. सुशिक्षितांत त्या वेळीं दोन तट पडले. औद्योगिक प्रगतीच्या आड मूठभर शेतकऱ्यांनीं यावें काय, असें एक पक्ष म्हणे. बाप-आज्यांची जमीन पैशानें मोजतां येते काय, असें दुसरा विचारी. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि शेवटीं मोडला, धरण झालें. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मुळशीची वीज कोळशाची नव्हती. ती पाण्याची, आजच्या भाषेंत अगदीं स्वच्छ अशी वीज होती. शक्ति शुद्ध असणें आणि न्याय्य असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा महाराष्ट्रास शंभर वर्षांपूर्वींच मिळाला होता. तो आपण गिरविला नाहीं, एवढेंच.

आतां मुळशीच्या मावळांतून सातपुड्याकडे वळूं. महाराष्ट्राच्या वायव्य टोकास, जेथें नर्मदा कांहीं मैल आपल्या राज्याची सीमा होऊन वाहते, तेथें अक्कलकुवा व अक्राणी हे दोन डोंगरी तालुके आहेत. पूर्वीं ते धुळें जिल्ह्यांत मोडत. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यांत आहेत. वस्ती मुख्यत्वें भिल्ल व पावरा ह्या आदिवासींची. उतारावरचीं शेतें, विरळ पसरलेले पाडे, आणि चार महिने तुटून पडणारे रस्ते. नर्मदेच्या पाण्याच्या वांटणीसाठीं १९६९ सालीं नेमलेल्या लवादानें १९७९ च्या अखेरीस आपला निवाडा दिला. त्यानुसार गुजरातेंत सरदार सरोवर ह्या धरणाची पूर्ण उंची १३८·६८ मीटर ठरली. त्याच्या वीजनिर्मितीपैकीं शेंकडा ५७ भाग मध्य प्रदेशास, २७ महाराष्ट्रास व १६ गुजरातेस मिळावयाचा होता. महाराष्ट्राच्या वांट्याला जसे हे सत्तावीस भाग आले, तशीं बुडणारीं तेहेतीस गांवेंही आलीं. तीं सर्व ह्या दोन तालुक्यांतलीं, आणि जवळजवळ सर्वस्वीं आदिवासी.

त्यांपैकीं अगदीं पहिलें गांव मणिबेली. १९८० नंतरच्या दशकांत येथूनच नर्मदा बचाओ आंदोलनाचा महाराष्ट्रांतील इतिहास सुरू होतो. मेधा पाटकर ह्यांचें नांव त्या संबंधांत सर्वांस ठाऊक आहे, आणि तें सार्थही आहे. परंतु इतिहासलेखनाची एक खोड अशी कीं, बाहेरून आलेल्या पुढाऱ्याचें नांव लिहिलें म्हणजे घरच्या माणसाचें नांव लिहावयाचें राहून जातें. डोंगरांतली पायवाट माहीत असलेले, भिल्लीत व पावरीत बोलणारे, पाड्यापाड्यांवर रात्रीं बैठकी घेणारे तरुण नसते, तर हें आंदोलन एक पावसाळाही टिकलें नसतें. ह्या तरुणांनीं काय मोल दिलें, ह्याचें एकच उदाहरण पुरे. १९९३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १९ तारखेस, गांवकरी सरकारी मोजणीस विरोध करीत असतां पोलिसांच्या गोळीबारांत रेहमल पुन्या वसावे हा आदिवासी मुलगा ठार झाला. त्याचें वय पंधरा-सोळा वर्षांचें होतें. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें, जागतिक बँकेनें नेमलेल्या स्वतंत्र समितीच्या प्रतिकूल अहवालानंतर, ह्या धरणासाठीं तिच्याकडून मिळणारें कर्ज थांबलें होतें. धरण मात्र थांबलें नाहीं. १८ ऑक्टोबर २०००ला सर्वोच्च न्यायालयानें पुढील बांधकामास मुभा दिली.

ह्या लोकांवर एक आरोप नेहमीं होई. तुम्हांस विकास नको, अंधारांतच राहावयाचें आहे, असें त्यांस म्हणत. ह्या आरोपाचें उत्तर त्यांनीं व्याख्यानानें दिलें नाहीं; विजेनें दिलें.

अक्राणी तालुक्यांत बिलगांव म्हणून एक गांव आहे. नर्मदेस मिळणारी उदई नदी त्याच्या अंगावरून वाहते आणि गांवाजवळ खडकावरून खालीं उडी घेते. ज्या नर्मदेच्या विजेसाठीं खोऱ्यांतील गांवें उठवावयाचीं होतीं, त्याच खोऱ्यांतल्या बिलगांवांत विजेचा खांब आलेला नव्हता. केरळांतील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी ह्या संस्थेच्या तंत्रज्ञांनीं तो धबधबा पाहिला, पाण्याची व उंचीची मोजदाद केली, आणि येथें वीज होऊं शकते असें सांगितलें. परदेशस्थ भारतीयांनीं चालविलेल्या असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट ह्या संस्थेनें पैशाची मदत केली. आंदोलनाचे कार्यकर्ते पाठीशीं राहिले, आणि हातांनीं करावयाचें काम गांवानें केलें. दगड वाहणें, चर खणणें, बांध घालणें हें सर्व श्रमदानानें झालें. २००३ च्या जानेवारींत पंधरा किलोवॉट शक्तीचें तें इवलेंसें वीजघर सुरू झालें. नर्मदेच्या थेट कांठावरील डोमखेडी गांवीं ह्याच धर्तीवर अगदीं लहान प्रमाणांत एक प्रयोग त्याआधीं झाला होता. बिलगांवचें काम त्याच्या पुष्कळ पुढचें होतें.

ह्या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. प्रवाहास एक बुटका बांध घालून थोडें पाणी कडेच्या चरांत घ्यावयाचें. तें एका टांकींत स्थिर करून, गाळ-पाला अडवून, जाड नळांतून खालीं सोडावयाचें. खालीं तें पात्यांच्या चाकावर आदळतें, चाक फिरतें, त्याबरोबर वीजजनित्र फिरतें, आणि काम संपलेलें पाणी पुन्हां नदींत जातें. शक्ति किती निघणार हें दोनच गोष्टींवर ठरतें : पाणी किती आणि तें किती उंचीवरून पडतें. दर सेकंदास तीनशें लिटर पाणी दहा मीटरांवरून पडलें, तर हिशेबानें एकोणतीस किलोवॉट शक्ति होते. घर्षणादि तूट वजा जातां निम्मी तरी हातीं लागते. येथें जलाशय नाहीं, म्हणून बुडीत जमीन नाहीं. बुडीत नाहीं, म्हणून विस्थापित नाहीं. यंत्र कोणीं चालवावें, दिवे कोणत्या वेळीं लावावे, दुरुस्तीचा पैसा कसा जमवावा, हेंही गांवानेंच ठरवावयाचें. नदी गांवाची, श्रम गांवाचे, आणि दिवाही गांवाचा.

पंधरा किलोवॉट म्हणजे साठ वॉटचे अडीचशें दिवे. शहरांतल्या एका मोठ्या दुकानाच्या रोषणाईस तेवढी वीज लागत असेल. परंतु ज्यांच्या पोरांनीं चिमणीच्या धुरांत अक्षरें गिरविलीं, त्यांच्या अंगणांत प्रथम दिवा लागला तेव्हां त्याचें मोल वॉटांत मोजण्याचें कारण नव्हतें. पुढें २००४ च्या डिसेंबरांत आशुतोष गोवारीकर ह्यांचा ‘स्वदेस’ हा चित्रपट निघाला. अमेरिकेहून परतलेला एक शास्त्रज्ञ गांवकऱ्यांसह ओढ्याच्या पाण्यावर वीज करतो, हा त्यांतला कळसाचा प्रसंग. त्याची स्फूर्ति बिलगांवच्या कामांतून आली असें सर्वत्र म्हटलें जातें. पडद्यावरचा तो दिवा लागतांना देशभरच्या प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या.

खऱ्या दिव्याचें पुढें काय झालें, हें त्यांतल्या फार थोड्यांस ठाऊक आहे. २००६ च्या मार्चमध्यें सरदार सरोवराची उंची ११०·६४ मीटरांवरून १२१·९२ मीटरांपर्यंत नेण्यास परवानगी मिळाली. त्याच वर्षीं पावसाळ्यांत पूर आला, धरणानें तुंबलेलें पाणी नर्मदेंतून उदईच्या मुखांत शिरलें आणि वर चढत गेलें. बिलगांवचें वीजघर त्यांत गेलें. साडेतीन वर्षें जळलेला दिवा विझला.

येथें क्षणभर थांबून एक हिशेब मांडला पाहिजे. सरदार सरोवराच्या दोन वीजघरांची एकूण शक्ति १४५० मेगावॉट आहे. म्हणजे बिलगांवच्या जवळजवळ एक लक्ष पट. ज्याला केवळ बेरीज-वजाबाकी येते तो म्हणेल कीं, लाखासाठीं एक गेला तर रडावयाचें काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कच्छ-सौराष्ट्रांतल्या तहानलेल्या गांवांस नर्मदेचें पाणी मिळालें हें खरें आहे, आणि त्या गांवच्या बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरला असेल तर त्याचा आनंद कोणासही व्हावा. आमच्या मराठवाड्यास तर तहान म्हणजे काय हें कोणीं शिकवावयास नको. लातुरास २०१६ सालीं आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ती आठवण अजून ताजी आहे. थोरलें धरण म्हणजे केवळ पापच, असें म्हणावयाचा अधिकार तहानलेल्या मुलखास नाहीं.

पण लाख आणि एक ह्यांची तुलना तेव्हांच लागू पडते, जेव्हां दोन्ही रकमा एकाच खात्यांतल्या असतील. येथें खातीं निराळीं आहेत. लाखाचा लाभ ज्यांस झाला ते दूर होते, आणि एकाचा तोटा ज्यांस झाला त्यांस त्या लाखांतला वांटा आधीं पोंचलेला नव्हता. शिवाय, बिलगांवनें जें गमावलें तें केवळ पंधरा किलोवॉट नव्हतें. आपली शक्ति आपण उत्पन्न करूं शकतों, हा जो आत्मविश्वास अक्राणीच्या डोंगरांत पहिल्यानेंच उगवला होता, त्याला पाणी लागलें. कोळशानें अक्षय ऊर्जेस मारलें असतें तर त्यांत नवल नव्हतें. येथें एका अक्षय ऊर्जेनें दुसरीस बुडविलें. दोन्ही पाण्याच्या, दोन्ही निर्धूर. फरक एवढाच कीं, एकीच्या मुळाशीं गांवाची संमति होती आणि दुसरीच्या मुळाशीं नव्हती. हवामान-न्यायाचा जो दुसरा अर्थ वर सांगितला, तो हाच.

हा विचार केवळ सातपुड्याचा नाहीं, हें दाखविण्यास एक दूरचें उदाहरण देतों. तें दूरचें असलें तरी आपल्याशीं अगदींच असंबद्ध नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत गॅलिली म्हणून कोळशाचें अफाट खोरें आहे. ती भूमि तेथील आदिवासींची. अदानी ह्या भारतीय उद्योगसमूहानें ह्याच खोऱ्यांत कारमायकल ही खाण काढली, आणि २०२१ च्या अखेरीस तेथला कोळसा जहाजांवर चढूं लागला. ह्या खाणीविरुद्ध आपल्या लोकांच्या वतीनें बोलणाऱ्यांत मुरावा जॉन्सन ही विर्डी जमातीची तरुणी होती. ती लढाई त्यांस थांबवितां आली नाहीं. पण ती खचली नाहीं. त्याच खोऱ्यांत वॉराटा कंपनीची दुसरी मोठी खाण व्हावयाची होती. तिच्याविरुद्ध यूथ व्हर्डिक्ट ह्या तरुणांच्या संस्थेमार्फत ती भूमि-न्यायालयांत उभी राहिली. तिनें असा आग्रह धरिला कीं, आमच्या वडीलधाऱ्यांची साक्ष शहरांतल्या दालनांत नव्हे, तर आमच्या भूमीवर येऊन ऐकावी. न्यायालयानें तें मान्य केलें आणि थेट टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांपर्यंत जाऊन साक्षी ऐकिल्या. २५ नोव्हेंबर २०२२ला न्यायाधीश फ्लर किंगहॅम ह्यांनीं खाणीस परवाना देऊं नये अशी शिफारस केली. तो कोळसा परदेशांत जळला तरी त्याचा धूर येथल्या आदिवासींच्या हक्कांवर घाला घालील, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. पुढच्या वर्षीं परवाना नाकारला गेला, आणि २०२४ सालीं मुरावा जॉन्सन हिला गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळालें.

बिलगांव आणि गॅलिली ह्यांमध्यें महासागर आहे, पण दोहोंतलें सूत्र एकच आहे. एका ठिकाणीं तरुणांनीं कोळसा जमिनींत ठेवावयास लाविला. दुसऱ्या ठिकाणीं कोळशावांचून वीज करून दाखविली. दोघांची मागणी एवढीच कीं, आमच्या भूमीचें काय करावयाचें तें आम्हांस विचारून करा. ऑस्ट्रेलियांतल्या मुलीस तें विचारणारें न्यायालय भेटलें. बिलगांवच्या वेळीं आपल्याकडे वनहक्कांचा कायदाही झालेला नव्हता. ज्या २००६ सालीं त्यांचें वीजघर बुडालें, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो संसदेनें संमत केला. दैवाचा हा योग चमत्कारिकच म्हणावयाचा. ह्या कायद्याचा आधार घेऊन २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवानें आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला, आणि ग्रामसभा ही केवळ अर्ज करणारी संस्था नसून निर्णय करणारी संस्था आहे हें देवाजी तोफा व त्यांच्या गांवकऱ्यांनीं देशास दाखविलें.

हें सर्व परभणीकरांनीं कशासाठीं वाचावें? त्याचें कारण आहे. आपल्या जिल्ह्याची गणना आदिवासी जिल्ह्यांत होत नाहीं; परंतु जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागांत आंध जमातीची वस्ती आहे, आणि १९५० च्या अनुसूचींतच तिचें नांव आलें आहे. शिवाय मुकाट्यानें जमीन सोडावी लागणारा केवळ आदिवासीच असतो असें नाहीं. २०१७ पासून राज्यांत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. शेतीपंपास दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतु, आणि रात्रीं-अपरात्रीं विंचू-सापांतून पंप चालू करावयास जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें तो हेतु अत्यंत स्तुत्य आहे. सौर पत्रे बसविण्यास जागा लागते, आणि ती बहुधा सरकारी किंवा गायरान जमिनींत पाहिली जाते. मराठवाड्यांत गायरान म्हणजे पडीक जागा नव्हे, हें येथल्या प्रत्येकास ठाऊक आहे. भूमिहीनाची शेळी तेथें चरते, आणि कित्येक दलित कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या तेथें कसून खातात. सातबाऱ्यावर त्यांचें नांव नसतें. म्हणून त्यांचें जाणेंही कोठें लिहिलें जात नाहीं.

सौर वीज यावी, अवश्य यावी. परळीची चिमणी आणि २०१३ चा उन्हाळा ज्यानें पाहिला आहे तो ह्याविरुद्ध बोलणार नाहीं. पण पत्रे रोवण्यापूर्वीं ग्रामसभा भरावी, तींत गायरानावर पोट भरणाऱ्यानें बोलावें, आणि निघणाऱ्या विजेंत व उत्पन्नांत त्याचा वांटा कागदावर लिहिला जावा. एवढें झालें तर पुढील काळीं कोणास त्या पत्र्यांखालीं काय होतें असें विचारण्याची वेळ येणार नाहीं. न झालें, तर आपण मुळशीचाच धडा पुन्हां गिरवीत बसूं, फक्त पाण्याच्या ठिकाणीं सूर्य येईल.

येलदरीच्या बांधावर उभें राहून पुढच्या खेपेस कोणी त्या पाण्याकडे पाहील, तेव्हां त्यानें बिलगांवचे ते अडीचशें दिवे आठवावे. त्यांचा उजेड थोडा होता, पण त्यांच्याखालीं अंधार नव्हता.